तापीकाठची घरे आणि खानेसुमारीची पाने

कष्टकरी घराण्यातला पूर्वज शोधायचा, म्हणजे ज्याच्या नावे सनद नाही, ताम्रपट नाही, बखरीत एक ओळ नाही, अशा माणसाचे घर कागदावर शोधायचे. तो कुणाबरोबर राहत होता, बायको कुठल्या गावची, मुले किती झाली आणि जगली किती, पोटासाठी घरातले कोण काय करत होते, हे प्रश्न विचारायचे. जगभर या प्रश्नांची उत्तरे आधी जनगणनेच्या पत्रकांत शोधतात. सरकारी माणूस राजवाड्यापुढे थांबला तसाच झोपडीपुढेही थांबला आणि त्याने तेच प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेतली, असा कागद दुसरा क्वचितच सापडतो.

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला हा शोध निकडीचा आहे, कारण या शहराचा इतिहास भरपूर लिहिला गेला आणि तो बहुतेक वरच्या मजल्याचा आहे. तापीच्या राजघाटाजवळ शाही किल्ल्याच्या भिंती नदीवर उभ्या आहेत, पात्रात दगडी हत्ती आहे, पलीकडच्या तीरावर जैनाबाद आणि तिथला आहुखाना. फारुकी सुलतान, १६०१ नंतरची मोगलांची खानदेश सुभ्याची राजधानी, अब्दुर्रहीम खानखाना, मिर्झाराजे जयसिंग, सगळ्यांच्या तारखा ठाऊक आहेत. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये इथेच १४ व्या बाळंतपणात गेली, हेही शाळकरी मुलाला सांगता येते. पण त्याच काठावर नाव वल्हवणाऱ्या, खड्डामागावर बसणाऱ्या, कलाबतूची तार ओढणाऱ्या घरांतल्या बाईला किती मुले झाली, हे तिच्या खापरपणतीला सांगता येत नाही. तिचीही मोजणी झाली होती. मोजणीचा कागद पुढे कुठे गेला आणि त्याच्याशिवाय तिच्यापर्यंत पोचायचे कसे, हा या लेखाचा विषय आहे.

दोन विणकर, एकच वर्ष

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री हिंदुस्थानात एकाच वेळी सर्वत्र पहिली मोजणी झाली. त्याआधी मध्य प्रांतात १८६६ आणि १८७२ मध्ये मोजण्या झाल्या होत्या, पण साऱ्या देशाची एका रात्रीत गणना करण्याची ही पहिलीच वेळ. बऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होते. सहा आठवड्यांनी, ३ एप्रिल १८८१ ला, इंग्लंडमध्येही जनगणना झाली. म्हणजे एकाच राणीच्या राज्यातले दोन विणकर, लँकेशायरच्या गिरणीतला एक आणि बऱ्हाणपूरच्या हातमागावरचा दुसरा, एकाच वर्षी लिहिले गेले. पहिल्याच्या गिरणीचे कापड दुसऱ्याच्या बाजारात येऊन पडत होते, इतके त्यांचे आयुष्य एकमेकांत गुंतलेले होते.

आज लँकेशायरच्या विणकराचा वंशज १८८१ चे पान काही मिनिटांत पाहू शकतो. रस्ता, घर, कुटुंबप्रमुख, बायको, मुले, पोटभाडेकरू, प्रत्येकाचे वय, धंदा आणि जन्मगाव त्यात आहे. ब्रिटनमध्ये १८४१ पासूनची नाववार पत्रके जपली आहेत आणि १०० वर्षे झाली की ती खुली होतात. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९११ ला तर तिथे लग्न झालेल्या बाईला किती मुले जन्मली, किती जगली, किती गेली, हेही विचारले होते. त्यामुळे एखाद्या गिरणीकामगार बाईने नऊ लेकरांतली चार पुरली असतील, तर तेही पानावर वाचता येते.

बऱ्हाणपूरच्या विणकराचे पान मात्र मिळत नाही. त्याच्या पत्रकातून आकडे काढून घेतले, आकड्यांचे ग्रंथ छापले आणि नावांचा कागद टाकून दिला. भारतातल्या कष्टकरी पूर्वजांच्या शोधात मुख्य अडचण आहे ती ही.

दारावरचा गेरू, काळी शाई, लाल शाई

मोजणी प्रत्यक्षात कशी होई हे कळले, तर हरवलेल्या पानावर काय असेल याचा अंदाज बांधता येतो. जिल्ह्याचे आधी चार्ज पाडत, चार्जचे सर्कल आणि सर्कलचे ब्लॉक. एका ब्लॉकात साधारण ३० ते ५० घरे येत. गावात पटवारी आणि शाळामास्तर, शहरात नगरपालिकेचे कारकून आणि लिहितावाचता येणारे प्रतिष्ठित, अशांना गणनेच्या कामाला जुंपत. बहुतेकांना त्याचा पैसा मिळत नसे. मोजणीच्या काही महिने आधी घरांना क्रमांक पडत. दारावर, दार नसेल तर भिंतीवर, गेरूने किंवा डांबराने आकडा काढला जाई. तो पुसू नये म्हणून ताकीद असे.

मग काही आठवडे आधी गणक घरोघर जाऊन काळ्या शाईने कच्ची नोंद करी. ठरलेल्या रात्री तो पुन्हा फिरे, जो पाहुणा आला त्याला वाढवी, जो गावाला गेला किंवा मेला त्याला खोडी, दिवसभरात मूल जन्मले असेल तर त्याची ओळ घाली. ही दुरुस्ती लाल शाईने होई. प्रवासी, आगगाडीतले उतारू, धर्मशाळेतले यात्रेकरू, होड्यांवरचे आणि घाटावरचे लोक यांच्यासाठी वेगळी सोय असे. राजघाटासारख्या जागी नावेवरच झोपणारा नावाडी घराच्या पत्रकात नसेल, तर घाटाच्या पत्रकात असण्याची शक्यता असे. १९३१ पर्यंत ही एका रात्रीची पद्धत चालली. १९४१ पासून माणूस त्या रात्री कुठे होता यापेक्षा तो नेहमी कुठे राहतो याला महत्त्व आले.

शोध घेणाऱ्याला यातून एक गोष्ट कळते: जुन्या खानेसुमारीतले घर हे त्या रात्रीचे घर असते. कामधंद्यासाठी महिनाभर खंडव्याला गेलेला बाप त्यात नसतो आणि बाळंतपणाला आलेली लेक असते. कुटुंबाचा आकार लहान किंवा मोठा दिसला, तर आधी मोजणीचा महिना पाहावा. १८८१ ते १९३१ च्या मोजण्या फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत झाल्या. उन्हाळी कामांसाठी बाहेर पडण्याचा आणि लग्नसराईचा हा काळ.

पत्रकातले घर

पत्रकात नाव, स्त्री की पुरुष, वय, लग्न झाले की नाही, धर्म, जात, धंदा, जन्मस्थान, मातृभाषा, लिहितावाचता येते का आणि अपंगत्व असे रकाने असत. मोजणीगणिक त्यांत थोडा फरक पडे. १९३१ मध्ये मुख्य धंदा आणि जोडधंदा वेगळा विचारला गेला, मातृभाषेखेरीज रोजच्या वापरातली दुसरी भाषाही विचारली गेली. हिंदी, मराठी, उर्दू, गुजराती, निमाडी आणि खानदेशी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या बऱ्हाणपूरला या दुसऱ्या भाषेच्या रकान्याला मोठा अर्थ होता.

पण रकाने भरताना कष्टकऱ्याचे घर अनेक ठिकाणी निसटले. वय बहुधा अंदाजाने सांगितले जाई, म्हणून ३०, ३५, ४०, ४५ अशा वयांवर गर्दी दिसते. कागदावर ४० लिहिलेला माणूस ३६ चाही असू शकतो, ४४ चाही. बाईचे नाव सांगायला घरच्यांनी हरकत घेतली, तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ लिहावे, अशी गणकांना सूचना असे. म्हणजे एखाद्या घरात सासू, दोन सुना आणि एक विधवा नणंद असेल आणि घरच्यांनी नावे सांगितली नसतील, तर एकाखाली एक चार ओळींत तोच शब्द येई. वय आणि लग्नाचा रकाना यावरून त्यांतली कोण कोणती हे ओळखायचे. पत्रक उरले असते, तरी कित्येक घरांतल्या बायका अशाच मिळाल्या असत्या.

सर्वांत मोठी चूक धंद्याच्या रकान्यात झाली. विणकामात मागावर पुरुष बसतो, पण माग एकट्याच्या हाताने चालत नाही. सूत उकलणे, रहाटावर कांड्या भरणे, ताणा लावणे, पांजण करणे ही कामे बायका आणि मुले करतात. माग थांबू नये म्हणून धोट्यातली कांडी संपायच्या आत दुसरी भरून ठेवावी लागते, आणि ती भरणारी बाई त्याच वेळी चुलीकडेही पाहत असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोजण्यांत लोकांची विभागणी कमावणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे अशी झाली. कांड्या भरणारी बाई कधी कमावणाऱ्यांत गेली, कधी पोसल्या जाणाऱ्यांत. गणकाला काय वाटले आणि घरच्या पुरुषाने काय सांगितले, यावर ते ठरले. १९६१ ला घरगुती उद्योग असा वेगळा वर्ग झाला, तेव्हा हे काम थोडे तरी दिसू लागले. म्हणून जुन्या तक्त्यात विणकर बायकांची संख्या कमी दिसली, तर त्या काम करत नव्हत्या असे समजू नये.

नावांची पत्रके गेली कुठे

पत्रके जमली की जिल्ह्यातून त्यांचे गठ्ठे तक्ते तयार करणाऱ्या कचेरीत जात. १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवण्याची पद्धत आली. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा असे. कारकून त्या चिठ्ठ्या खणांच्या कपाटात टाकत, आधी वयाप्रमाणे, मग धंद्याप्रमाणे, मग जातीप्रमाणे, आणि दर वेळी मोजून आकडा लिहीत. घर मोडले जाई ते इथे. नवरा एका खणात, बायको दुसऱ्या खणात, मुले तिसऱ्या खणात गेली की कोण कुणाचे, हा धागा तुटला. राज्याला हवे होते ते जिल्ह्यात विणकर किती, विधवा किती, साक्षर किती. हे मिळाल्यावर मूळ पत्रके जपून ठेवायचे कारण सरकारला वाटले नाही, आणि ती बहुतेक नष्ट झाली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे जनगणनेतली नोंद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि ती दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. लोकांनी निर्धास्तपणे खरे सांगावे, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण ब्रिटनप्रमाणे १०० वर्षांनी किंवा अमेरिकेप्रमाणे ७२ वर्षांनी पत्रके खुली करण्याची तरतूद इथे केली गेली नाही.

एक अपवाद घडला. १९५१ च्या जनगणनेबरोबर चिठ्ठ्यांवरची नावे गावनिहाय आणि वॉर्डनिहाय एका नागरिक नोंदवहीत उतरवून घेतली गेली. आसामात ही वही पुढे कामाला आली. तिथे नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी लोकांना १९५१ ची वही आणि २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदार याद्या यांत वाडवडिलांचे नाव दाखवावे लागले. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ लोक वगळले गेले. नाववार नोंद जपली तर ती घराण्याचा आधार होते आणि तिच्यावर हक्क टांगले तर ती धास्तीही होते, या दोन्ही गोष्टी आसामने दाखवल्या.

आकड्यांतून घर वाचणे

नावे गेली, तरी छापील ग्रंथ उरले आहेत आणि ते नीट वाचले तर पूर्वजाच्या घराभोवतीचा काळ उभा राहतो. मध्य प्रांताच्या १९०१ च्या मोजणीचे अधीक्षक आर. व्ही. रसेल होते. निमाडचे १९०८ चे गॅझेटियर त्यांचेच, आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने लिहिलेले मध्य प्रांतातल्या जातीजमातींचे १९१६ चे ग्रंथही त्यांचेच. जनगणनेचा अहवाल, गॅझेटियर आणि हे ग्रंथ एकत्र ठेवून वाचले, तर तक्त्यातल्या आकड्याला धंदा, वस्ती आणि चालीरीत यांची जोड मिळते.

१९०१ ला बऱ्हाणपूरची वस्ती ३३,३४१ होती. त्याच्या आधीच्या पाच वर्षांत १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ झाले होते. हा आकडा पाहताना दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात: खेड्यातून पोटासाठी शहरात आलेले लोक, आणि दुष्काळात गेलेले. घराण्यात ‘आजा छप्पनच्या दुष्काळात इकडे आला’ अशी आठवण असेल, तर ती विक्रम संवत १९५६ ची, म्हणजे याच १८९९–१९०० ची असते. तोंडी आठवणीला तक्त्याचा आधार असा मिळतो. पुढच्या दशकात प्लेग आला. १९११ च्या मोजणीच्या वेळी मध्य प्रांतातल्या कित्येक शहरांतले लोक घरे सोडून बाहेर झोपड्या घालून राहिले होते, म्हणून त्या वर्षीचे शहरांचे आकडे जपून वापरावे लागतात. १९२१ च्या आकड्यांत १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे मृत्यू आहेत. १९३१ ला सविनय कायदेभंगाच्या काळात मोजणीवर बहिष्काराची हाक होती. प्रत्येक दशकाचा आकडा वाचण्याआधी त्या दशकात घरांवर काय कोसळले, हे पाहणे भाग आहे.

धंद्याच्या तक्त्यात बऱ्हाणपूरची खरी ओळख दिसते. इथे मोमीन विणकरांची मोठी वस्ती, आणि त्याचबरोबर कलाबतूचा नामांकित धंदा. चांदीच्या पाशावर सोन्याचा पत्रा चढवायचा, तो जंत्रीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत केसासारखी तार काढायची, ती ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. प्रत्येक पायरीला वेगळा कारागीर, आणि बहुधा वेगळे घर. पूर्वज ‘तारेच्या कामाला’ होता एवढेच घरात ठाऊक असेल, तर यांतली कोणती पायरी त्याची, हे विचारल्यावर त्याची गल्ली, शेजार आणि सोयरीक यांचा माग लागू शकतो.

१९०६ मध्ये बऱ्हाणपूरच्याच लालबाग भागात ताप्ती मिल उभी राहिली आणि भोंग्यावर चालणारे घर या शहरात आले. १९११ च्या मोजणीत २० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी वेगळे पत्रक होते. १९२१ ला ही मर्यादा १० वर आली. त्यांतून कामगारांचे स्त्री, पुरुष आणि मुले असे आकडे मिळतात. शेजारच्या खानदेशातून, रावेर–यावलकडून, आगगाडीने लालबागला उतरून गिरणीत लागलेला माणूस जन्मस्थानाच्या तक्त्यात ‘मुंबई इलाखा’ या सदरात गेला. वीसेक कोसांच्या आतून आलेला हा माणूस कागदावर परप्रांतीय ठरला, आणि अशा लोकांच्या एकूण आकड्यावरून तो लोंढ्यातला एक होता की एकटाच आला, याचा अंदाज येतो.

जातीच्या तक्त्याबाबत विशेष सावध राहावे. जुलाहा म्हणवले गेलेले लोक मोमीन आणि पुढे अन्सारी नाव लावू लागले. इतर कित्येक कष्टकरी जातींनीही मोजणीच्या आधी अर्ज करून मानाचे नाव मागितले. एका मोजणीत दिसणारी जात पुढच्या मोजणीत नाहीशी झाली, तर माणसे गेली असे नाही. त्यांनी नाव बदलले असेल. निमाडातले बलाही हे जाडेभरडे कापड विणत आणि गावची राखण करत. स्टीफन फुक्स यांनी त्यांच्यावर १९५० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच घरात दोन धंदे असताना गणकाने कोणता लिहिला, यावर ते घर विणकरांत मोजले गेले की राखणदारांत, हे ठरले.

नावे जिथे उरली

नाव शोधायचे तर जनगणनेच्या बाहेर जावे लागते. कष्टकऱ्याचे नाव मुख्यतः अशा वह्यांत उरले आहे ज्या दुसऱ्याच कामासाठी ठेवल्या होत्या: कर घेण्यासाठी, हजेरीसाठी, शाळेसाठी, पिंडदानासाठी.

खेड्यात कोटवाराची वही असते. जन्ममृत्यूची खबर ठाण्याला देणे हे त्याचे काम, आणि मध्य प्रदेशात कोटवार आजही आहे. त्याच्या जुन्या नोंदींत बापाचे नाव, जात, मूल जन्मल्याची किंवा माणूस मेल्याची तारीख मिळते. मुलाचे नाव ठेवायच्या आधीच खबर जाई, म्हणून जन्माच्या नोंदीत बहुधा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. नाव शोधत बसण्यापेक्षा बापाचे नाव आणि वर्ष धरून पाने उलटावी लागतात. शहरात हे काम नगरपालिकेकडे होते.

शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर हा सर्वांत भरवशाचा कागद. मुलाचे आणि बापाचे नाव, जात, जन्मतारीख, राहण्याची जागा, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण त्यात असते. बऱ्हाणपूरला हिंदी, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही माध्यमांत मुले शिकली, म्हणून एकाच घरातली भावंडे वेगवेगळ्या शाळांच्या वह्यांत सापडू शकतात. जन्मतारखेच्या जागी १ जुलै दिसली, तर ती मास्तरांनी शाळाप्रवेशाच्या सोयीने टाकलेली असण्याची शक्यता मोठी. मुली शाळेत कमी गेल्या, म्हणून बाईचा माग इथे भावाच्या नोंदीवरून काढावा लागतो.

गिरणीचे मस्टर, बदली कामगारांची यादी, १९५२ च्या कायद्यानंतरची भविष्यनिर्वाह निधीची नोंद यांत कामगाराचे नाव, खाते आणि वारसाचे नाव मिळते. वारसाच्या रकान्यात बायकोचे पूर्ण नाव पहिल्यांदाच लिहिलेले सापडते, असे कष्टकरी घरांत पुष्कळदा घडते. घर ज्या जागेवर होते त्या जागेची नोंद नजूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीच्या, कागदांत आणि नगरपालिकेच्या घरपट्टीच्या वहीत असते. भाड्याने राहणाऱ्याचे नाव तिथे कमी येते, पण घरमालक कोण हे कळले की गल्ली पक्की होते. मतदार यादीत १९५१–५२ पासून वयात आलेले सगळे घर एकाखाली एक येते. खुल्या नोंदींपैकी जनगणनेच्या पत्रकाच्या सर्वांत जवळची नोंद हीच.

धर्माच्या वह्या त्याहून मागे जातात. ओंकारेश्वर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितले की कोण केव्हा आला, बरोबर कोण होते, कुणाचे पिंड दिले, हे निघते. नाशिक–त्र्यंबकच्या जुन्या नोंदी मोडीत आहेत, म्हणून बरोबर मोडी वाचणारा लागतो. हरिद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. पण यात्रेला जाणे ज्यांना परवडले नाही, किंवा पंड्यांच्या ओट्यावर ज्यांना स्थान नव्हते, अशा घरांना या वह्या उपयोगी पडत नाहीत. मुसलमान विणकर घरांसाठी काझींची निकाहाची नोंदवही आणि कब्रस्तान कमिटीचे कागद आहेत. निकाहनाम्यात वधूचे आणि तिच्या बापाचे नाव, मेहेरची रक्कम आणि साक्षीदार येतात. खानेसुमारीत ‘स्त्री’ म्हणून लिहिलेल्या बाईला इथे नाव मिळते.

तीन ठिकाणची कपाटे

बऱ्हाणपूरचे कागद बऱ्हाणपूरलाच असतील, असे धरून चालत नाही. बऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ ला झाला. त्याआधी जिल्ह्याचे ठाणे खंडवा होते. १९५६ पूर्वी प्रांताची राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. त्यामुळे गावपातळीवरचे कागद तहसील आणि खंडवा यांत, आणि वरच्या कचेऱ्यांचा पत्रव्यवहार नागपूर आणि भोपाळच्या अभिलेखागारांत वाटला गेला. रावेरहून आलेल्या घराची मुळे जळगाव जिल्ह्याच्या दप्तरात, आणि महेश्वर–खरगोनकडून आलेल्याची होळकर संस्थानच्या कागदांत. होळकरांच्या मोजणीचे अहवालही वेगळे छापलेले आहेत.

हा शोध हौसेपुरता नाही, हे इथल्या तहसील कचेरीत लगेच कळते. मध्य प्रदेशात जातीच्या दाखल्यासाठी घराणे राज्यात केव्हापासून आहे हे दाखवावे लागते: अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, इतर मागासवर्गासाठी १९८४ ही वर्षे महत्त्वाची. सीमेपलीकडच्या चुलत भावाचा महाराष्ट्राचा दाखला इथे चालत नाही. आजोबांचे नाव, गाव आणि वर्ष दाखवणारा एक कागद मुलीच्या शिष्यवृत्तीला पुरतो आणि तो नसला तर अर्ज पडून राहतो. महाराष्ट्रात २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी गावोगावची जन्ममृत्यूची दप्तरे, शाळांची रजिस्टरे आणि मोडी कागद तपासले गेले, तेव्हा एका साध्या वहीचे मोल सगळ्यांना कळले. २०२५ च्या अखेरीस मध्य प्रदेशातही मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले आणि लोक जुन्या यादीत स्वतःचे किंवा आईबापांचे नाव शोधू लागले.

धागे जोडताना

एक उदाहरण घेऊ. घरात एवढेच ठाऊक आहे की पणजोबा रावेरकडचा, लालबागच्या गिरणीत होता, राहायला राजघाटाकडे, आणि एक मुलगा लहानपणी गेला. सुरुवात नेहमी जवळच्या, पक्क्या कागदापासून करावी. आजोबांच्या शाळेच्या नोंदीतून पणजोबाचे पूर्ण नाव, राहण्याची जागा आणि आजोबांचे अंदाजी जन्मवर्ष मिळते. त्या वर्षाच्या मागेपुढे पाच वर्षे नगरपालिकेची जन्म आणि मृत्यूची वही पाहिली की त्याच बापाच्या नावावरच्या इतर नोंदी निघतात. लहानपणी गेलेला मुलगा बहुधा इथेच सापडतो. मग सुरुवातीच्या मतदार यादीत घरक्रमांक आणि त्या घरातली मोठी माणसे मिळतात. तिथे पणजीचे नाव असते. गिरणीच्या वारसनोंदीशी ते जुळले, तर दोन स्वतंत्र कागदांनी एकच गोष्ट सांगितली असे होते, आणि ती धरून चालायला हरकत नाही.

आता जनगणनेचे ग्रंथ हाती घ्यावेत. आजोबांच्या जन्माच्या दशकात शहराची वस्ती वाढत होती की घटत होती, मुंबई इलाख्यात जन्मलेले लोक निमाडात किती होते, त्यांत बायका किती, गिरणीत बायका किती, हे पाहावे. बाहेरून आलेल्यांत पुरुष फार आणि बायका थोड्या असतील, तर पणजोबा आधी एकटा आला आणि कुटुंब मागून आले, हा तर्क बळकट होतो. बायकाही बरोबरीने असतील, तर घरच उठून आले असण्याची शक्यता जास्त. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाव आणि वॉर्डाचे आकडे आहेत, त्यामुळे मूळ खेड्यात किती घरे होती आणि शाळा होती का, हेही कळते. तर्क आणि पुरावा वहीत वेगळे लिहावेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे तो कागद कुठल्या कचेरीत, कुठल्या वर्षाच्या वहीत, कितव्या पानावर पाहिला, ते टिपावे. पुढच्या पिढीला तिथून पुढे जाता येते.

परदेशी गेलेल्या मराठी कष्टकऱ्यांची गोष्ट यापुढे ठेवून पाहावी. मुंबई बंदरातून मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांची नोंद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपली आहे: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज, आणि १८६० च्या दशकापासून कित्येकांचे छायाचित्रही. ऊस तोडायला गेलेल्या कोकणी मजुराचा चेहरा त्याच्या वंशजाला पाहायला मिळतो, आणि मायदेशी राहिलेल्या त्याच्या भावाचे नावही मिळत नाही. मजुरावर मालकी सांगण्यासाठी ठेवलेला कागद आज वंशजांच्या कामी आला, कारण तो कुणीतरी टाकून दिला नाही.

२०२७ ची मोजणी

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे देशातली पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा क्षण धरून होणार आहे; बर्फाळ प्रदेशांसाठी तो क्षण १ ऑक्टोबर २०२६ चा आहे. माहिती मोबाइलवर भरली जाईल, घरच्या घरी स्वतः भरण्याचीही सोय असेल, आणि १९३१ नंतर प्रथमच सगळ्यांची जात मोजली जाईल. या वेळी नाववार माहिती साठवायला गोदाम लागणार नाही. हयात माणसांची माहिती गुप्त राहिलीच पाहिजे, यात वाद नाही. पण १०० वर्षांनी ती वंशजांना पाहता यावी, एवढी तरतूद कायद्यात करता येते, आणि ती केली पाहिजे. नाहीतर आजच्या यंत्रमागावरच्या कामगाराची पणती २१२७ मध्ये पुन्हा आकडेच वाचत बसेल.

तोवर करण्यासारखे हाताशी पुष्कळ आहे. शाळांची जुनी रजिस्टरे, कोटवारांच्या वह्या, नगरपालिकेची जन्ममृत्यूची पाने वाळवी आणि ओल यांच्यापासून वाचवून त्यांची छायाचित्रे घेणे हे शाळा, ग्रामपंचायत आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना जमण्यासारखे आहे. बंद पडलेल्या गिरण्यांची मस्टरे रद्दीत जाण्याआधी अभिलेखागारात पोचली पाहिजेत. आणि प्रत्येक घराने २०२७ ला प्रगणकाला जे सांगितले, तेच एका वहीत तारीख घालून लिहून ठेवावे: घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, बायकांची माहेरची आडनावे आणि गावे, जन्माचे खरे वर्ष, खरे काम, आणि न जगलेल्या मुलांची नावेसुद्धा.